आयर्विन पुलाची पातळी आणि पुराविषयीच्या समजुती

जुलै संपत आला की सांगलीत सगळे बोलणे दोन आकड्यांवर येऊन ठेपते. आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे आणि कोयनेतून किती क्युसेक सोडले. कोल्हापुरात पहिल्या आकड्याची जागा राजाराम बंधारा घेतो. हे आकडे अधिकृत असतात आणि पूरकाळात तासातासाला मिळतात. त्यांच्याभोवती जे बोलले जाते, ते मात्र नेहमीच खरे नसते. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर कृष्णा-पंचगंगेच्या काठावर काही समजुती इतक्या घट्ट बसल्या आहेत की घर कधी सोडायचे, प्लॉट कुठे घ्यायचा आणि मोर्चा कोणावर काढायचा हे त्यांच्यावरून ठरते. म्हणून त्या तपासून पाहायला हव्यात. त्या वेडगळ नाहीत. बहुतेकींच्या मुळाशी कोणाचा तरी प्रत्यक्ष अनुभव आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकला आहे.

"इथे तर ऊन पडले आहे. पूर कसला येतोय?"

सांगली-मिरज हा मुळात कमी पावसाचा भाग. वर्षभरात इथे सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरला तो पाच हजारांच्या पुढे जातो. कृष्णा उगम पावते ती तिथे आणि कोयनाही तिथेच. 23 जुलै 2021 च्या सकाळी संपलेल्या 24 तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. सांगलीत वर्षभरात पडतो तेवढा पाऊस तिथे एका दिवस-रात्रीत कोसळला. ते पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर एकत्र होते आणि सांगलीला पोहोचायला साधारण दिवस-दीड दिवस घेते. तोवर सांगलीतले ढग पांगलेले असू शकतात, आयर्विन पुलावर बघ्यांची गर्दीही झालेली असू शकते. अंगणातल्या पावसावरून पुराचा अंदाज बांधणे ओढ्याकाठच्या वस्तीला चालते. मोठ्या नदीकाठी लक्ष ठेवायचे ते नवजा, कोयनानगर, महाबळेश्वर इथल्या पावसावर आणि पंचगंगेसाठी गगनबावडा-राधानगरीकडच्या पावसावर. सामान हलवायला आणि म्हाताऱ्या माणसांना नातेवाइकांकडे पोहोचवायला जो वेळ मिळतो तो हाच दिवस-दीड दिवस. निरभ्र आकाशाकडे पाहून तो वाया जातो.

"2005 ला पाणी जिथे थांबले, त्याच्या पुढे ते येत नाही."

सर्वांत महागात पडलेली समजूत ही आहे. 2005 चा पूर बहुतेकांच्या आठवणीतला सर्वांत मोठा पूर होता. आयर्विन पुलापाशी पाणी तेव्हा 53 फुटांच्या पुढे गेले होते. धोका पातळी 45 फुटांची, त्यामुळे याहून जास्त काही होईल हे कोणाच्या मनातही येत नव्हते. पाणी उतरल्यावर भिंतींवर गाळाची रेघ राहिली. काहींनी ती रंगाने पक्की केली, काहींनी चौकटीवर खूण केली आणि पुढची चौदा वर्षे ती रेघ म्हणजे पुराची कमाल मर्यादा असे धरले गेले. ऑगस्ट 2019 मध्ये अनेक घरांत फ्रिज पलंगावर चढवला गेला, धान्याचे डबे माळ्यावर गेले, दुकानांत माल खालच्या फळीवरून वरच्या फळीवर गेला. हे सारे 2005 ची रेघ डोळ्यांसमोर ठेवून, तिच्या वीतभर वर. पाणी 57 फुटांच्या पुढे गेले. फरक जवळपास चार फुटांचा. तेवढ्यात पलंग, फ्रिज आणि वरची फळी तिन्ही बुडतात.

जुन्या रेघेवर विसंबणे इतके स्वाभाविक का वाटते? कारण तो पुरावा डोळ्यांनी पाहिलेला असतो, स्वतःच्या घरातला असतो आणि नकाशातल्या कोणत्याही रेषेपेक्षा जवळचा असतो. पण ती रेघ एका विशिष्ट आठवड्याची नोंद आहे. कोयना, वारणा, पंचगंगा आणि मधले ओढे यांचा फुगवटा एकाच वेळी जुळून आला की नाही, पाऊस तीन दिवस टिकला की दहा दिवस, आणि दरम्यानच्या काळात नदीच्या पसरण्याच्या जागेत किती बांधकाम झाले, यावर पुढच्या पुराची उंची ठरते. यांतली शेवटची गोष्ट तर दरवर्षी बदलते, आणि बदलते ती एकाच दिशेने. पाणी तेवढेच आले तरी जागा कमी झाल्यामुळे ते वर चढते. जुनी खूण उपयोगाची आहे, पण ती "निदान इथपर्यंत तरी येऊ शकते" एवढेच सांगते.

"शंभर वर्षांचा पूर शंभर वर्षांतून एकदाच येतो. तो येऊन गेला, आता चिंता नाही."

दोष इथे ऐकणाऱ्याचा कमी आणि तांत्रिक भाषेचा जास्त आहे. शंभर वर्षांचा पूर म्हणजे कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता एक टक्का असलेला पूर. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता घटत नाही. नदी हिशोब ठेवत नाही. तीस वर्षे गृहकर्ज फेडणाऱ्या कुटुंबासाठी हा एक टक्का साठत जाऊन सुमारे 26 टक्के होतो, म्हणजे चारातल्या एका घराने कर्ज फिटायच्या आत असा पूर पाहावा, इतका.

महाराष्ट्रात नदीकाठच्या बांधकामासाठी दोन पूररेषा आखल्या जातात. निळी रेषा साधारण 25 वर्षांच्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांच्या पुराची. पाटबंधारे खात्याच्या 1989 च्या परिपत्रकाने निळ्या रेषेच्या आतला भाग निषिद्ध आणि निळ्या-लाल रेषांमधला भाग नियंत्रित ठरवला. आता निळ्या रेषेवरच्या घराचा हिशोब: दरवर्षी चार टक्के शक्यता, तीस वर्षांत सुमारे 71 टक्के. तरीही "प्लॉट निळ्या रेषेच्या जस्ट बाहेर आहे" हे वाक्य विक्रीच्या वेळी भरवसा म्हणून सांगितले जाते. त्या वाक्याचा खरा अर्थ एवढाच की तिथे बांधायला मनाई नाही. पाणी येणार नाही, असे ती रेषा कुठेच म्हणत नाही.

"सांगली-कोल्हापूर बुडते ते आलमट्टीमुळे."

या समजुतीला सविस्तर उत्तर द्यायला हवे, कारण ती मानणारे लोक अडाणी नाहीत आणि त्यांच्या रागाला आधार आहे. कर्नाटकातले आलमट्टी धरण कृष्णेवर खालच्या अंगाला आहे. ते भरले की मागे फुगवटा येणार, हे शाळेत शिकलेले भौतिकशास्त्र. 2005 चा पहिला मोठा फटका बसला तेव्हा आलमट्टी नवे होते. नवे धरण आणि नवा पूर एकापाठोपाठ आले की दोहोंचा संबंध जोडला जाणारच. त्यात कृष्णा पाणीतंटा लवादाने आलमट्टीची पातळी 519.60 मीटरवरून 524.256 मीटरपर्यंत नेण्यास 2010 च्या निवाड्यात मुभा दिली आणि महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे. त्यामुळे हा प्रश्न दोन राज्यांच्या अभिमानाचा होऊन बसला.

पण आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. आलमट्टीचा जलाशय काठोकाठ भरला तरी पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून 519.60 मीटर. सांगली शहर साधारण 550 मीटरवर वसले आहे आणि नदी धोका पातळीला पोहोचते तेव्हाचे सांगलीतले पाणीही आलमट्टीच्या पूर्ण पातळीपेक्षा वीसेक मीटरने वर असते. मधले अंतर नदीच्या वळणांसकट दोनशे किलोमीटरच्या घरात. जलाशयाचे पाणी एवढा चढ चढून येत नाही. फुगवटा हा जलाशयाच्या आडव्या पातळीपेक्षा काहीसा वर, नदीच्या उताराने मागे सरकतो हे खरे. पण तो मागे जाता जाता विरत जातो आणि विरण्यासाठी इथे भरपूर लांबी आहे. 2019 च्या महापुरानंतर राज्य सरकारने नेमलेल्या, जलसंपदा खात्याचे निवृत्त प्रधान सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या समितीनेही 2020 मध्ये असाच निष्कर्ष दिला. पूर आणला तो थोड्या दिवसांत कोसळलेल्या अतिवृष्टीने, आणि तो वाढवला नदीच्या पूरक्षेत्रातल्या अडथळ्यांनी. आलमट्टी हे कारण नव्हते.

2019 आणि 2021 यांची तुलना केली तर हे अधिक स्वच्छ दिसते. 2019 ला राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा 55 फुटांच्या पुढे गेली होती, 2021 ला 56 च्या पुढे. म्हणजे कोल्हापुरात दुसरा पूर मोठा ठरला. आयर्विन पुलापाशी मात्र 2021 चे पाणी 54 फुटांच्या पुढे जाऊन थांबले, 2019 पेक्षा जवळपास तीन फूट खाली. खालचे धरण दोघांना एकच. ते कारण असते, तर दोन्ही शहरांत पाणी एकाच दिशेने बदलले असते. तसे झाले नाही, कारण कुठल्या नदीच्या डोक्यावर किती पाऊस पडला यानेच दोन्ही ठिकाणची उंची ठरली.

याचा अर्थ आलमट्टीविषयी बोलूच नये असा नाही. पावसाळ्यात तिथली पातळी किती ठेवावी, विसर्ग कधी वाढवावा, याबाबत दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांमध्ये रोजचा संपर्क हवाच. उंची वाढवली तर जलाशयाच्या शेपटाकडे गाळ साचून शिरोळ तालुक्याच्या बाजूला काय होईल, हा प्रश्नही रास्त आहे आणि त्याचे उत्तर अभ्यासातून यावे, घोषणांमधून नव्हे. चूक होते ती सगळे माप एका धरणाच्या पदरात टाकल्याने. आरोपी दोनशे किलोमीटरवर आणि परराज्यात असला, की सांगलीतल्या शेरी नाल्यावरचे अतिक्रमण कोणाला दिसेनासे होते.

फुगवट्याचे कोडे समजून घ्यायचे तर नृसिंहवाडीला जावे. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला संगमावर वाट मिळत नाही. तिचे पाणी मागे तुंबते आणि शिरोळ, इचलकरंजीच्या बाजूने शेतांत पसरते. कोल्हापूर जिल्ह्यात पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी पाणी का उतरत नाही, याचे उत्तर बहुधा इथे असते. हा फुगवटा दोन नद्यांचा आपसातला आहे आणि तो कोणत्याही धरणाच्या आधीपासून आहे. वाडीच्या दत्तमंदिरात पाणी पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते तेव्हा दक्षिणद्वार सोहळ्यासाठी भाविक स्नानाला येतात. नदी पात्र सोडते आणि पुन्हा पात्रात जाते, हे इथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे आणि पूजेत सामावून घेतले आहे.

"धरणाचे दरवाजे उघडले म्हणून पूर आला. आधीच धरण रिकामे ठेवायला काय झाले होते?"

दरवाजे उघडल्याची बातमी येते आणि दुसऱ्या दिवशी पाणी दारात येते. क्रम बिनचूक असतो, म्हणून कारणही तेच वाटते. पण विसर्ग पाहताना आवकही पाहावी लागते. धरणात येणाऱ्या पाण्यापेक्षा कमी पाणी खाली सोडले जात असेल, तर त्या तासाला धरण पूर अडवत असते, मग सोडलेला आकडा कितीही मोठा दिसो. बातमीत विसर्ग ठळक छापला जातो, आवक शेवटच्या ओळीत, कधी तीही नसते. ही सवय माध्यमांनी बदलायला हवी.

राधानगरीचे उदाहरण घ्यावे. राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या या धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला पोहोचले की ते आपोआप उघडतात, उतरले की मिटतात. बटण दाबणारा कोणी नसतो. एका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी पडते. सातही उघडले तरी दहा हजार क्युसेक. महापुरात कोल्हापूरजवळून पंचगंगा वाहते ती याच्या कित्येक पट. बाकीचे पाणी कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीच्या खोऱ्यांत धरणांच्या खालच्या अंगाला पडलेल्या पावसाचे असते. त्या मुक्त पाणलोटावर कोणत्याही दरवाजाचा ताबा नाही.

धरण रिकामे ठेवण्याचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांत द्यावे लागते. एक लाख क्युसेक पाणी दिवसभर वाहिले तर 8.64 टीएमसी होते. म्हणजे 105 टीएमसीच्या कोयनेत दहा टीएमसीची जागा राखली, तर एवढा लोंढा दिवसापेक्षा थोडा जास्त वेळ थोपवता येईल. पुराचा कळस खाली आणायला तो एक दिवस लाखमोलाचा असतो. पाऊस आठवडाभर कोसळला तर पुरत नाही. दुसऱ्या बाजूला, जागा राखली आणि पाऊस ऑगस्टमध्येच दडी मारून बसला, तर वीज, शेती आणि पिण्याचे पाणी पुढचे आठ-नऊ महिने तुटीत जातात. त्या वर्षी मोर्चा उलट्या कारणासाठी निघतो. कोयना वीजनिर्मितीसाठी बांधलेली आहे, पूरनियंत्रणासाठी नव्हे. तरीही हवामान अंदाज आता पूर्वीपेक्षा सुधारले आहेत. जुलैअखेर आणि ऑगस्टमध्ये कोणती पातळी ओलांडायची नाही हे आराखड्यात असते. तो आराखडा आणि त्याचे पालन झाले की नाही, हे नागरिकांनी दरवर्षी विचारावे. "दरवाजे का उघडले" याऐवजी "पंधरा दिवस आधी का उघडले नाहीत" हा प्रश्न नेमका आहे.

कोयनेचे पाणी पश्चिमेला कोकणात सोडून द्यावे, ही सूचनाही दर पुरात होते. ते पाणी वीजघरांतून, कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत उतरते आणि वाशिष्ठीच्या काठी चिपळूण आहे. 22 जुलै 2021 ला, सांगलीच्या आधी, चिपळूण बुडाले होते.

"नदीतला गाळ काढला की पूर येणारच नाही."

उन्हाळ्यात पात्र उघडे पडते, मधोमध बेटे दिसतात, घाटाच्या पायऱ्या गाळात गेलेल्या असतात. पाण्याची जागा मातीने घेतली आहे हे डोळ्यांना पटते. पण महापूर पात्रात मावत नाही, तो पात्राबाहेर किलोमीटर-दोन किलोमीटर पसरून वाहतो. पात्र दोनशे मीटर रुंद धरले आणि सलग मीटरभर खोदले, तर सेकंदाला दीड मीटर वेगाने जादा पाणी जाईल ते साडेदहा हजार क्युसेकच्या आसपास. महापूर लाखांत मोजला जातो. शिवाय सांगलीपासून राज्याच्या हद्दीपर्यंत कृष्णेला उतार फार थोडा. एका शहरापुरते खोदले तर तयार होतो तो खड्डा. त्यात पाणी उभे राहते, पुढे सरकत नाही, आणि दोन पावसाळ्यांत तो पुन्हा भरतो. गाळाच्या नावाखाली वाळू उपसली गेली तर काठ पोकळ होऊन मळीची जमीन ढासळते, आणि ढासळलेली माती जाते ती पात्रातच. जिथे बंधाऱ्याच्या मागे, पुलाच्या कमानीत किंवा नाल्याच्या तोंडाशी गाळ अडकला आहे, तिथे तो काढलाच पाहिजे. शहरांतर्गत नाल्यांचा तर दरवर्षी, मे संपण्याआधी. पण त्याने उतरतात ते इंच. फूट उतरवण्याची अपेक्षा ठेवू नये.

"नदीकाठी उंच भिंत बांधा, शहर कायमचे सुरक्षित होईल."

सुरक्षितता डोळ्यांनी दिसावी असे प्रत्येकाला वाटते आणि भिंत दिसते. ती काही ठिकाणी योग्यही असते. घाट खचत असेल, जुनी पेठ अगदी काठावर असेल तर दुसरा इलाज नसतो. पण भिंत पाणी नाहीसे करत नाही. ती ते समोरच्या काठावर आणि खालच्या गावाकडे ढकलते. सांगलीने वाचवलेले फूटभर पाणी हरिपूर-अंकलीकडे किंवा पलीकडच्या शेतात चढणार. दुसरी अडचण मागच्या दाराची. सांगलीत शेरी नाला आणि कोल्हापुरात जयंती नाला एरवी शहराचे पाणी नदीला देतात; पुरात नदी त्याच वाटेने उलटी शहरात शिरते. म्हणून नदीपासून लांब राहणाऱ्यांना घराच्या पाठीमागून पाणी आलेले दिसते. भिंत बांधायची तर प्रत्येक नाल्याला झडपेचा दरवाजा हवा, तो बंद केल्यावर शहरात पडणारा पाऊस उपसून बाहेर टाकणारे पंप हवेत, आणि वीज गेली तरी ते चालले पाहिजेत.

तिसरी गोष्ट बिहारने किंमत मोजून दाखवली आहे. 1954 मध्ये तिथे नद्यांना सुमारे 160 किलोमीटरचे बांध होते आणि पूरप्रवण क्षेत्र 25 लाख हेक्टर होते. बांधांची लांबी तीन हजार किलोमीटरच्या पुढे गेली तेव्हा पूरप्रवण क्षेत्र 68 लाख हेक्टरच्या वर पोहोचले होते. 18 ऑगस्ट 2008 ला नेपाळमधल्या कुसहा इथे कोसीचा बांध फुटला, तेव्हा नदीत दीड लाख क्युसेकही पाणी नव्हते. बांध साडेनऊ लाखांसाठी बांधलेला होता. भिंत तिच्या उंचीमुळे नव्हे, देखभालीमुळे टिकते, आणि तिच्या भरवशावर मागे वाढलेली वस्ती भिंत फुटल्यावर एकदम बुडते. नेदरलँड्सने शतकानुशतके बांध उंचावले आणि या शतकात उलट दिशा धरली. नेइमेगेन शहरात वाल नदीचा बांध साडेतीनशे मीटर मागे घेतला, काही घरे हलवली, नदीला शेजारी दुसरी वाहिनी खोदून दिली. पुराची पातळी तिथे 35 सेंटिमीटरच्या आसपास उतरली. ज्या देशाकडे बांध बांधण्याचा जगात सर्वांत मोठा अनुभव आहे, त्याने हे केले, याची दखल घ्यायला हवी.

"भराव टाकून जोते उंच केले की आपण सुटलो."

एका घरापुरते कदाचित. पण टाकलेल्या प्रत्येक ट्रॉलीएवढे पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जाते, आणि गल्लीत सगळ्यांनीच भराव टाकला की रस्ता ओढा होतो. रस्त्यांच्या भरावाचे नुकसान याहून मोठे. 2019 आणि 2021 मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीपाशी पाण्याखाली जाऊन बंद पडला. पूरक्षेत्रातून आडवा जाणारा भराव बांधासारखा पाणी अडवतो. म्हणून अशा पट्ट्यात रस्ता खांबांवर न्यावा ही काठच्या गावांची मागणी अभियांत्रिकीच्या दृष्टीने योग्य आहे. नदीकाठी घर बांधायचेच असेल तर खाली मोकळे खांब आणि वर वस्ती हा मार्ग भरावापेक्षा बरा, कारण पाण्याला वाट राहते.

"पाणी पायरीला लागले की निघू. अजून वेळ आहे."

घर सोडणे कोणाला आवडत नाही. गोठ्यात जनावरे असतात, घरात चोरी होईल ही भीती असते, आणि मागच्या वेळी उगाच बाहेर काढले होते हा राग असतो. शिवाय इथला पूर हळूहळू चढतो, त्यामुळे वेळ आहे असे वाटणे साहजिक आहे. फसगत होते ती पातळीने नव्हे, रस्त्याने. गाव उंचवट्यावर असते आणि गावाकडे येणारा रस्ता सखल असतो. पायरी कोरडी असते तेव्हा ओढ्यावरचा पूल केव्हाच बुडालेला असतो, आणि मग उरते ती फक्त बोट. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ इथे गावकऱ्यांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि पंधराहून अधिक माणसे बुडाली. त्यांत बायका होत्या, लहान मुले होती. ती माणसे पाण्यात अडकून राहिली म्हणून नव्हे, बाहेर पडताना गेली. इशारा पातळी आयर्विनला 40 फूट आणि राजाराम बंधाऱ्याला 39 फूट ठेवली आहे ती रस्ते चालू असताना निघता यावे म्हणून. धोका पातळी, म्हणजे अनुक्रमे 45 आणि 43 फूट, ही निघण्याची खूण नव्हे. तोवर निघून झालेले असावे. जनावरांसाठी छावणी आणि चारा इशारा पातळीलाच तयार असेल, तर माणसेही वेळेवर निघतात. प्रशासनाने सर्वांत आधी करायचे काम ते हेच.

"गुडघाभरच पाणी आहे, गाडी निघेल."

हजार किलोची छोटी मोटार हजार लिटर पाणी बाजूला सारले की तरंगते. तिचा तळ साधारण साडेसहा चौरस मीटरचा, म्हणजे तळाच्या वर जेमतेम वीतभर पाणी पुरे. जमिनीपासून मोजले तर फूटभर. तरंगली की चाकांची पकड सुटते आणि स्टिअरिंग कामाचे राहत नाही. पायी जाणाऱ्याला वाहत्या पाण्यात याहूनही कमी खोली पाडते. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. आणि गढूळ पाण्याखाली रस्ता जागेवर आहे की वाहून गेला आहे, हे वरून दिसतच नाही.

"पाणी उतरले, संकट टळले."

पुराचे पाणी गटारांतून, गोठ्यांतून आणि उंदरांच्या बिळांतून फिरून आलेले असते. चिखल उपसताना पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. ताप पूर ओसरल्यावर काही दिवसांनी येतो, म्हणून त्याचा पुराशी संबंध लक्षात येत नाही. गमबूट घालूनच उतरावे आणि प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. भिंती ओल्या असताना मेन स्विच चालू करू नये. वायरमनने तपासल्यावरच करावा. अडगळीत आणि कपाटांमागे साप आसऱ्याला आलेले असतात, हात घालण्यापूर्वी काठीने हलवून पाहावे. विहिरीचे पाणी नितळ दिसले तरी ती उपसून, ब्लीचिंग पावडर टाकून, पाण्याची तपासणी होईपर्यंत तिच्यातले पाणी पिऊ नये. कूपनलिकेच्या तोंडावरून पाणी गेले असेल, तर तिलाही हेच लागू.